लाल ठिपक्याची बाटली

संमतीपत्र तीन पानांचं होतं. धुळ्याच्या रुग्णालयात आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन होतं, आणि चार वाक्यांखाली रेघा मारून झाल्यावर लक्षात आलं की हा मजकूर दुरुस्तीसाठी आलेला नाही, सहीसाठी आला आहे.

मी जळगावच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान बघते. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हे माझं काम. कोण, कुठे, केव्हा, आणि हे कोण म्हणतं. यातलं एक उत्तर नसेल तर बातमी थांबते. निधनवार्तांचा रकानाही माझ्याकडेच आहे.

आत व्हेंटिलेटरवर माझे वडील होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. अमळनेरच्या एका तेल गिरणीत त्यांनी गेटवर टाइमकीपर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर ते तिथल्याच घरात राहतात. सोबत त्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणतं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी पहाटे, खाली अंथरलेल्या गोधडीत नानांना मण्यार चावली. चावल्याचं त्यांना कळलं नाही. पोटात दुखतंय म्हणाले, मग पापण्या उघडेनात, मग बोलणं जड झालं. अक्काला वाटलं अर्धांग आहे. शेजाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांना अंगठ्याजवळ दोन बारीक टिंबं दिसली. सापाच्या विषावरची लस दिली. तरी श्वास उथळ होत गेला आणि दुपारी रुग्णवाहिकेने त्यांना धुळ्याला आणलं. मी जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरून निघून संध्याकाळी पोहोचले तोपर्यंत नळी तोंडातून घशात गेली होती.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं. मण्यारीचं विष स्नायू बंद पाडतं. मेंदू चालू असतो. विष उतरेपर्यंत मशीन श्वास घेईल. किती दिवस, ते सांगता येत नाही. तोवर मुख्य धोका म्हणजे तोंडातले जंतू नळीच्या कडेने फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होणं.

"म्हणजे त्यांना ऐकू येतं?" मी विचारलं.

"गुंगीचं औषध थोडं चालू आहे. पण येत असेल असं समजूनच बोला," डॉक्टर म्हणाले.

त्यामुळे तोंड धुणं ही गोष्ट, जिच्याकडे मी एरवी लक्षही दिलं नसतं, त्या आठवड्यात महत्त्वाची झाली.

संमतीपत्र घेऊन आलेली मुलगी नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिचा प्रबंध याच विषयावर होता: आयसीयूतल्या रुग्णांच्या तोंडाच्या निगेसाठी नेहमीचं औषधी द्रावण आणि वनस्पतींपासून केलेलं द्रावण यांची तुलना. नेहमीचं म्हणजे क्लोरहेक्सिडिन. दुसऱ्यात तुळस, बाभळीची साल आणि हळद. दोन्ही तपकिरी काचेच्या बाटल्यांत, वरून पांढरा कागद गुंडाळलेला. एका प्रकारावर लाल ठिपका, दुसऱ्यावर हिरवा. कोणत्या रुग्णाला कोणता ठिपका, ते बंद पाकिटातून निघणार. ठिपक्याचा अर्थ फक्त औषध तयार करणाऱ्या फार्मसीच्या सरांना ठाऊक.

"तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही ताई. मला कळलं तर माझ्या नोंदींत माझं मत शिरेल."

"वासावरून कळेल की."

"दोन्हींत पुदिन्याचा अर्क टाकलाय. तेवढ्यासाठीच."

मी वहीत प्रश्न काढले होते. पहिला: दोन्हींतलं चांगलं कोणतं? ती म्हणाली, ते माहीत असतं तर अभ्यास केला नसता. दुसरा: निदान नेहमीचं तरी खात्रीचं आहे ना? वर्षानुवर्षं तेच वापरतात, ती म्हणाली, पण अलीकडे त्याबद्दलही वेगवेगळी मतं आहेत. काही जण म्हणतात, मऊ ब्रशने दात नीट घासले तर वेगळ्या द्रावणाची गरजच नाही. तिसरा: आणि वनस्पतींचं? त्यावर लहान लहान अभ्यास झालेत, ठाम काही म्हणता येत नाही. ब्रशने घासणं आणि तोंडातलं पाणी ओढून घेणं दोन्ही गटांत होणारच. सही केली नाही तरी उपचारांत फरक पडणार नाही. नंतर केव्हाही नाव मागे घेता येईल.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "दोन्हीला हरकत नाही. सही तुमची."

मला अपेक्षा होती की एक बाजू जुन्याची असेल, एक नव्याची, आणि मला त्यांतली एक निवडायची असेल. समोर उभी असलेली दोन्ही माणसं शिकलेली होती आणि दोघंही माहीत नाही म्हणत होती. आमच्याकडे अशी बातमी छापत नाहीत.

एक बाजू मात्र पक्की होती. ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती.

"त्याना तोंडले बाभूयनी सवय शे," अक्का म्हणाली. नाना सत्तर वर्षं बाभळीच्या काडीने दात घासत आले आहेत, घरात ब्रश असूनही. "बाभूय लावा म्हना. त्यामा इचारानं काय शे?"

"अक्का, बाभूळच मिळेल असं नाही. पाकिटात जे निघेल ते."

"पाकिट?" ती माझ्याकडे बघत राहिली. "औषध शे का लॉटरी शे?"

मी सही केली. का केली ते नीट सांगता येत नाही. त्या मुलीने माहीत नाही असं स्पष्ट म्हटलं, हे एक कारण असावं. आणि हेही नोंदवायला हवं की मनातून मला नेहमीचंच औषध निघावंसं वाटत होतं. अक्काला मी ते सांगितलं नाही. पाकिटातून लाल ठिपका निघाला.

पुढचे दोन दिवस एकाच वेळापत्रकाचे होते. भेटीची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, एका वेळी एक माणूस. आम्ही दोघी धुळ्यातच एका धर्मशाळेत उतरलो होतो. सकाळी अक्का माझ्याआधी रुग्णालयात यायची. आवारात तेलाच्या डब्यात लावलेली तुळस होती, कोणी लावली कोण जाणे. तिला पाणी घालून, पाच प्रदक्षिणा मारून अक्का बाकावर बसायची. मी पेपर वाचायचे. अक्का म्हणायची, "तू पेपरवाली. तुले बठ्ठं लिखेल लागस." म्हणजे सगळं लिहिलेलंच लागतं.

तोंडाची निगा कशी घेतात ते मला एकदा बघू दिलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केलेली. घशातल्या नळीभोवतीचा फुगा आधी तपासला. मग लहान मुलांच्या ब्रशएवढ्या मऊ ब्रशने दात, आतून, बाहेरून. मग लाल ठिपक्याच्या बाटलीतलं द्रावण गॉजवर घेऊन हिरड्या, गालांची आतली बाजू, जीभ. दुसऱ्या हातात बारीक नळी, साचलेलं पाणी ओढून घेणारी. शेवटी ओठांना व्हॅसलीन. नानांचा चेहरा हलला नाही. दुसऱ्या कोणाला त्यांचे दात घासताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. वास पुदिन्याचा आला. मी वहीत तसं लिहिलं: वास पुदिना.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या भेटीला अक्का आत गेली. मी दाराच्या काचेतून बघत होते. तिने नानांच्या कपाळावर हात ठेवला, वाकली, त्यांच्या तोंडाजवळ चेहरा नेला. तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि तिचा आवाज काचेबाहेर आला.

"मना भाऊना तोंडले तुयसना वास येस! कोनी टाकं तुयसनं पानी? कोनी?"

सिस्टर धावल्या. मी नियम मोडून आत गेले. अक्काने माझा दंड धरला.

"माले न सांगता सोडी दिन्हं का त्याले? खरं सांग बेटा. शेवटनं पानी पाजं ना तुम्हीन?"

आमच्याकडे माणूस जायला लागला की तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घालतात. घरातलं कोणी तरी हळूच डब्यातून बाटली काढतं, आणि ती बाटली दिसली की बाकीच्यांना काही सांगावं लागत नाही. अक्काने हे अनेकांसाठी केलं होतं, माझ्या आईसाठीसुद्धा. माणसाच्या तोंडाला येणारा तो वास तिच्या नाकाला एकाच प्रसंगाचा माहीत होता.

"अक्का, ते तोंड धुवायचं औषध आहे. पुदिना आहे त्यात."

"मी याडी शे का? चाळीस वरीस व्हयनात, तुयसले पानी घाली ऱ्हायनी मी. माले पुदिना शिकाडस?"

मी वाकून वास घेतला. पुदिना. सिस्टरने घेतला. त्या म्हणाल्या, पुदिनाच. प्रबंधवाली मुलगी धावत आली, तिनेही घेतला आणि काहीच म्हणाली नाही. बाहेर आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक विनंती. आजींना तुळस ओळखू येत असेल तर मोठ्याने बोलायला सांगू नका. मला ते कळायला नको होतं."

"म्हणजे लाल म्हणजे तुळशीचं?"

"मला माहीत नाही. आजींना खरंच वास आला की तसं वाटलं, हेही माहीत नाही."

ती रडवेली झाली होती. मला एकाच वेळी दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. अक्काचं नाक खरं असेल तर नानांना वनस्पतींचं द्रावण मिळत होतं, म्हणजे अक्काला हवं होतं तेच. पण तेच अक्काला त्यांच्या मरणाचं लक्षण वाटत होतं. नाक खोटं असेल तर यातलं काहीच नव्हतं. आणि अक्का ओरडत होती तेव्हा नाना हातभर अंतरावर पडलेले होते, पापण्या मिटून, कदाचित ऐकत.

शनिवारी सकाळी मशीनचा आधार कमी करून बघायचं ठरलं होतं. बघितलं. नानांचा श्वास थोड्याच वेळात थकला आणि आधार पुन्हा वाढवावा लागला.

"काल जे झालं त्यामुळे?" मी डॉक्टरांना विचारलं.

"स्नायूंत अजून जोर आलेला नाही."

"त्यांनी ऐकलं असेल तर?"

"ऐकलं असेल. त्याने श्वासावर काय होतं ते मला मोजता येत नाही."

मी तेही वहीत लिहिलं.

अक्काने आदल्या संध्याकाळीच अमळनेरला फोन केला होता. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण परिणाम दुपारी बारा वाजता रुग्णालयाच्या आवारात उतरला. एका जीपमधून नऊ माणसं आली. दोघांच्या खांद्यावर पांढरे पंचे होते. माझ्या चुलत काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "केव्हा?"

"काका, नाना जिवंत आहेत."

ते गोंधळले. मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "शेतस. अजून शेतस." कोणीतरी डोळ्यांना लावलेला रुमाल खिशात ठेवला.

त्याच वेळी माझा फोन वाजला. कार्यालयातून सहकारी बोलत होता.

"मॅडम, त्रास देतोय. अमळनेरच्या बातमीदाराने एक निधन पाठवलंय. तेल गिरणीचे निवृत्त टाइमकीपर. आडनाव तुमचं आहे."

मी फोन घेऊन जीपपासून दूर गेले.

"आपला नियम आहे ना, घरच्यांकडून खातरजमा केल्याशिवाय लावायचं नाही. म्हणून मग... तुम्हालाच केला फोन."

"थांबव."

"थांबवतो. म्हणजे आज नाही लावत?"

"आज नाही म्हणजे काय?"

"सॉरी मॅडम. काढून टाकतो."

तो नियम मीच केला होता. कोणत्याही निधनाला घरच्या माणसाची खातरजमा हवी. त्या दिवशी खातरजमा देणारी घरची व्यक्ती मी होते आणि माझ्याकडे देण्यासारखं वाक्य एवढंच होतं: मशीनवर आहेत, नक्की सांगता येत नाही.

जीपमधल्या माणसांची सभा आवारातल्या तुळशीच्या डब्याजवळ भरली. काकांचं म्हणणं होतं, "नानाले घर ली चाला. मशीनवर परक्या गावम्हा कसाले?" दुसऱ्याने विचारलं की हे तोंडाचं प्रयोगाचं औषध कोणाच्या सांगण्यावरून चालू केलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्का बाकावर बसून होती, पदर तोंडाला लावून. ती माझ्या बाजूने बोलली नाही, विरुद्धही बोलली नाही.

"मनी चूक व्हयनी का?" एवढंच तिने मला विचारलं. मी किंचित मान हलवली, आणि ती कोणत्या अर्थाने हलवली ते मलाही माहीत नव्हतं.

घरी न्यायचा प्रश्न डॉक्टरांनी दोन मिनिटांत संपवला: मशीन काढलं तर नाना वाटेतल्या पारोळ्यापर्यंतही पोहोचणार नाहीत, आणि राहू दिलं तर बरे होण्याची चांगली शक्यता आहे. राहिला प्रश्न बाटलीचा. मी प्रबंधवाल्या मुलीकडे गेले आणि म्हणाले, नाव मागे घ्यायचं आहे.

तिने वाद घातला नाही. "चालेल ताई. पाचच्या निगेपासून वॉर्डातलं नेहमीचं द्रावण वापरू."

"नेहमीचं म्हणजे क्लोरहेक्सिडिन."

"हो."

"आणि लाल ठिपका तोच असेल तर?"

"तर काही बदलणार नाही."

"आणि लाल वनस्पतींचं असेल तर?"

"तर बदलेल."

"त्याने नानांना फायदा होईल की तोटा?"

तिने दोन्ही हात उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

मी कागद हातात घेऊन उभी राहिले. सही केली होती तेव्हा मला माहीत नव्हतं मी काय निवडते आहे. सही काढून घेतानाही माहीत नव्हतं. मध्ये एक बहीण, नऊ नातेवाईक आणि एक निधनवार्ता एवढीच भर पडली होती. यातल्या कोणालाच, मलाही, त्या तोंडाच्या मालकाला विचारावं असं सुचलं नव्हतं.

पाचला मी आत गेले. खुर्ची नानांच्या कानाजवळ ओढली. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून बातमी सांगतात तसं सांगितलं. आज शनिवार आहे. तुम्ही धुळ्यात आहात. सोमवारी तुम्हाला मण्यार चावली. विष उतरतंय. तुमच्या तोंडात कोणीही शेवटचं पाणी घातलेलं नाही. अक्काला तुळशीचा वास आला, मला पुदिन्याचा आला. दोन बाटल्या आहेत. तुमची लाल ठिपक्याची. मग संमतीपत्र उघडलं आणि तिन्ही पानं पहिल्या ओळीपासून वाचली, मी रेघा मारलेल्या चार वाक्यांसकट. सिस्टर एकदा येऊन बघून गेल्या. वाचायला दहाएक मिनिटं लागली असतील.

शेवटी म्हणाले, "नाना, हे चालू ठेवायचं असेल तर पायाचा अंगठा हलवा."

अंगठा हलला.

पण तो सकाळपासून मधूनमधून हलतच होता, असं सिस्टरने नंतर सांगितलं. मी पुन्हा विचारलं. या वेळी हलला नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पाऊलच थोडं हललं, दोन्ही. मी बोटाने त्यांची उजवी पापणी वर केली. बुबुळ माझ्या बाजूला होतं. ते माझ्याकडे बघत होते की डोळा तिकडेच होता, ते ठरवता आलं नाही. मी पापणी सोडली.

बाहेर येऊन त्या मुलीला म्हणाले, राहू द्या. लालच.

"त्यांनी सांगितलं?"

"अंगठा हलला."

तिच्या वहीत याला रकाना नव्हता.

काका आणि बाकीचे संध्याकाळच्या उजेडातच परत गेले. जाताना अक्काला सोबत चल म्हणाले. ती बाकावरून उठली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय वाची ऱ्हायंती एवढा येळ? लिखेल वाचीसन मानूस बरा व्हस का?"

रविवारी आधार पुन्हा कमी केला. नाना सकाळपासून दुपारपर्यंत टिकले. सोमवारी अधिक. मंगळवारी सकाळी नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, न्यूमोनिया झालेला नाही. मी विचारलं, कशामुळे? ते हसले. "ब्रशमुळे, पलंग वर ठेवल्यामुळे, बाटलीमुळे, तुमच्या वडिलांमुळे. एका माणसावरून सांगता येत नाही, मॅडम." मी लिहून घेतलं. प्रश्न पुन्हा विचारला नाही.

नानांचा आवाज खरखरीत झाला होता. पहिल्या दिवशी ते फक्त पाणी म्हणाले. दुसऱ्या दिवशी अक्का नसताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"अक्का तुयस म्हने," ते म्हणाले. मध्ये थांबले, गिळलं. "माले वाटनं, झायं. संपनं."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"बठ्ठं." पुन्हा थांबले. "मग तू कागद वाचा. तव्हय माले वाटनं, नई. मरेल मानूसनी संमती कोनी मांगस नई."

अंगठ्याचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. चालू ठेवा म्हणून हलवला, की नुसताच हलला. मी विचारलं नाही. त्यांनी नुसताच हलला म्हटलं असतं तर मी शनिवारी काय केलं, याला नाव उरलं नसतं.

त्याच दिवशी दुपारी प्रबंधवाली मुलगी कागद घेऊन आली. नियम असा होता की रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची संमती घ्यायची. त्याने नाही म्हटलं तर त्याच्या नोंदी काढून टाकायच्या. ती पलंगाशेजारी उभी राहिली. हातातलं पेन ती सारखं उघडत होती आणि मिटत होती. एवढ्या दिवसांच्या नोंदी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हो-नाहीवर होत्या.

नानांनी चष्मा मागितला. गिरणीत असताना ते हजेरीच्या पानावर वेळ बघितल्याशिवाय कोणाची सही घेत नसत, मालकाच्या पुतण्याचीसुद्धा. तीन पानं वाचायला त्यांना अर्धा तास लागला. डोळे अजून दुहेरी बघत होते, म्हणून त्यांनी एक डोळा हाताने झाकला होता. माझ्या सहीपाशी ते बराच वेळ थांबले.

"हाई वयख म्हनीसन लिखेल शे, मुलगी," ते म्हणाले. म्हणजे नात्याच्या रकान्यात मी लिहिलेला शब्द. मग त्या मुलीकडे वळले. "लालमा काय व्हतं?"

"मला माहीत नाही बाबा. सगळ्या रुग्णांचं झालं की मग उघडणार."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. "तोंड मनं व्हतं. चव सांगू का?"

मी वहीकडे हात नेला. दहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माहीत आहे म्हणालं होतं. पण मुलीने झटकन दोन्ही तळवे पुढे केले. "नका सांगू बाबा. प्लीज. मला कळलं तर तुमच्या नोंदी वापरता यायच्या नाहीत. घरीही नका सांगू, बाटल्या उघडेपर्यंत. हात जोडते."

नानांनी तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं. मग माझ्या हातातल्या वहीकडे. मग पेन घेतलं आणि सही केली. खाली तारीख घातली, वेळ विचारून तीही घातली, जिच्यासाठी कागदावर जागा नव्हती.

शनिवारी आम्ही त्यांना अमळनेरला आणलं. जीपमध्ये अक्काने सुपारी काढायला पदराची गाठ सोडली. सुपारीच्या शेजारी वाळलेली तुळशीची पाच-सहा पानं होती. अजून वास येत होता.

"ही रुग्णालयातली?" मी विचारलं.

"घरनी शेतस," ती म्हणाली. गाठ पुन्हा बांधली. "ऱ्हाऊ दे. कामे पडतस."

घरची म्हणजे ती धुळ्याला निघाली तेव्हापासून पदरात असली पाहिजेत. शुक्रवारी ती वाकली तेव्हाही पदर तिथेच होता. मग वास तिच्याच पदराचा होता का? तसं असेल तर मला आणि सिस्टरला तो का आला नाही? आम्ही नानांच्या तोंडाशी वाकलो, अक्काच्या पदराशी कोणी वाकलं नाही. मी नानांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होते. त्यांनी हे ऐकलं होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

त्या मुलीचा अभ्यास अजून चालू आहे. बाटल्या उघडलेल्या नाहीत.

रजेचे दोन दिवस उरले होते, ते मी अमळनेरलाच काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर बसले होते. अक्काने समोर बाभळीची काडी ठेवली आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"आते सांग भाऊ. तुयस व्हती ना?"

मी दारात उभी होते. वही घरात होती. आणायला गेले नाही.

नानांनी काडीचं टोक दाढेखाली धरून चावलं, त्याचा कुंचा केला आणि दात घासायला सुरुवात केली. अक्का थांबली. ते आधी वरचे दात घासत गेले, मग खालचे, मग पुन्हा वरचे.